खर्चाशिवाय गारवा

नागपूरच्या माणसाला उन्हाळ्याबद्दल कधी विचारू नये. तो सांगतो. अडतीस अंशांना "काय हा उकाडा!" म्हणणाऱ्या पुण्याच्या पाहुण्याकडे तो अशा नजरेने पाहतो, की जणू पाहुण्याने पर्वती चढून येऊन एव्हरेस्टच्या गोष्टी सुरू केल्या आहेत. आमच्याकडे चाळीस म्हणजे उन्हाळ्याचं प्रास्ताविक. पंचेचाळीस झाले की आम्ही डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा टाकतो आणि कामाला लागतो.

या अभिमानाला २०२४ च्या मे महिन्यात भलतंच खतपाणी मिळालं. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश तापमान दाखवलं. काही तास आम्ही जगाच्या नकाशावर होतो. मग हवामान खात्याने सांगितलं, की त्या केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता. आमच्या बँकेत तेव्हा जे चेहरे उतरले, तसे पगारवाढीचा करार लांबला तेव्हाही उतरले नव्हते. सेन्सर नावाची वस्तू शपथेवर खोटं बोलू शकते, हा धडा मी तेव्हाच घ्यायला हवा होता. पण मी पडलो कॉमर्सचा. आकडा छापून समोर आला की त्यावर विश्वास ठेवायचा, अशी आमची घडण.

ही सगळी प्रस्तावना आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. मराठी आणि संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या आयुष्याचं एक सूत्र आहे : 'एकट्या माणसासाठी कशाला?' एकट्या माणसासाठी कुकर लावायचा नाही, एकट्या माणसासाठी दिवा जाळायचा नाही, आणि एकट्या माणसासाठी कूलर तर मुळीच चालवायचा नाही. सकाळी मी बँकेत, ही शाळेत, मुलगी कॉलेजात. शेवटचं माणूस फाटकाबाहेर पडलं, की आतून कूलरची घरघर थांबल्याचा आवाज येत असे. आवाज थांबल्याचा आवाज कसा येतो, ते नागपूरकराला विचारा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात व्हायचं ते झालं. ही शाळेतून परतली तेव्हा आप्पा पलंगाच्या कडेला धरून बसले होते आणि तिला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होते. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी म्हटलं, "पण ते घराबाहेर पडलेच नाहीत." डॉक्टर म्हणाले, "ऊन लागायला उन्हातच जावं लागतं असं कुणी सांगितलं? वर तापलेला स्लॅब, बंद खोली आणि वय, एवढं पुरतं. या वयात तहानही उशिरा कळते आणि उकाडाही."

दोन दिवस सलाईन चढलं. तिसऱ्या दिवशी मी सोसायटीचं कर्ज काढून एक टनाचा एसी आणला आणि आप्पांच्या खोलीत बसवला. एसी घरात आला. वापरात मात्र आला नाही. तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता, काउंटरवरची गर्दी जरा ओसरली की, मी बँकेतून घरी फोन करायचा असा पाठ सुरू झाला.

"आप्पा, जेवलात का?"

"जेवलो."

"एसी लावलाय ना?"

"लावलाय."

अख्खा जून महिना हा संवाद शब्दशः असाच झाला. मग एका शनिवारी मी सुट्टीमुळे घरी होतो, तेव्हा एसी बंद आणि आप्पा घामाघूम, असं दृश्य दिसलं. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही तर रोज लावलाय म्हणून सांगता!" आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लावलाय की. भिंतीला लावलाय. चार स्क्रूंनी. मी खोटं कधी बोललो नाही."

व्याकरणाच्या शिक्षकाचा मुलगा होण्यात हा धोका असतो.

दिवाळीत माझा भाचा आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला अद्याप सगळं येतं. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "मामा, माणसाला कशाला विचारत बसता? खोलीला विचारा ना." आणि त्याने खिशातून बिस्किटाएवढी एक पट्टी काढली. तिचं नाव ईएसपी-३२. शांघायची एक कंपनी २०१६ पासून ही चिप बनवते. काही शे रुपयांत मिळते आणि तिच्या पोटात वायफायसकट अख्खा संगणक असतो. तिला एक जाळीदार पांढरी डबी जोडायची, ती तापमान आणि हवेतला दमटपणा सांगते. एक बारीक दिवा जोडायचा, तो एसीच्या रिमोटची भाषा बोलतो. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला मुलीचा बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप. त्यात होम असिस्टंट नावाची प्रणाली घालायची.

"किती पैसे?" मी कॉमर्सचा पहिला प्रश्न विचारला.

"फुकट. ओपन सोर्स आहे."

फुकट या शब्दाने मी सावध झालो. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला फुकट म्हटलं की अटी आणि शर्ती कुठे छापल्यात ते शोधायची सवय लागते. भाच्याने समजावलं : पाउलस स्खाउटसेन नावाच्या एका डच गृहस्थाने २०१३ साली घरातले दिवे आपल्या मर्जीने लावण्यासाठी ही प्रणाली लिहायला घेतली आणि लिहिलेलं सगळं उघड्यावर ठेवलं. ज्याला हवं त्याने न्यावं, बदलावं, सुधारून परत आणून ठेवावं. मग जगभरच्या हजारो लोकांनी आपापल्या घरचे पंखे, पंप, एसी तिला जोडले आणि ते कसं केलं तेही उघड्यावर ठेवलं. कंपनीच्या 'स्मार्ट' वस्तूंचा कारभार बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकावरून चालतो. कंपनीने उद्या तो बंद केला की आपली शहाणी वस्तू पुन्हा मठ्ठ. हे मात्र आपल्याच घरात, आपल्याच लॅपटॉपवर चालतं. इंटरनेट गेलं तरी घरातला कारभार अडत नाही.

"म्हणजे सार्वजनिक गणपतीसारखं," आप्पा कोपऱ्यातून म्हणाले. "वर्गणी ऐच्छिक, राबणारे मोजके आणि सूचना करणारे हजार."

"आणि बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची?" हिने विचारलं. भाचा गप्प झाला. मी हिशेब केला : कंपनीचं यंत्र बिघडलं की कंपनी फोन उचलत नाही, हे बिघडलं तर फोन लावायलाच कुणी नाही. मनस्ताप सारखाच, फोनचा खर्च वाचतो. ठराव मंजूर झाला.

पहिला प्रयोग गिझरवर केला, कारण थंडी तोंडावर होती. डिसेंबरात आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि गिझर कोण विसरलं यावरून घरातली हवा आपोआप तापते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पंचवीस लिटर पाणी, दोन किलोवॉटचा गिझर, तीस अंश तापवायचं : सव्वीस मिनिटं, पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज. आमच्या घरी तो दीड-दीड तास चालू राही. पाणी तापून बंद पडे, निवलं की पुन्हा तापे, आणि आंघोळ करणारा माणूस तिकडे पेपर वाचत बसे. यंत्राने गिझर साडेपाचला लावायचा आणि सहाला बंद करायचा, एवढंच काम.

पण मध्ये वीजमिस्त्री आडवा आला. भाच्याने आणलेली निळी रिले, म्हणजे यंत्राच्या हुकमाने दबणारा खटका, हातात घेऊन तो म्हणाला, "साहेब, हे दहा अँपिअरचं पिल्लू. याच्यावर गिझर टाकून राह्यले? जळून जाईन ना!"

मी हिशेब दाखवला. "दोन हजार वॉट भागिले दोनशे तीस व्होल्ट, पावणेनऊच्या आत येतं. दहात बसतं."

"कागदावर बसते," मिस्त्री म्हणाला. "भिंतीत नाही बसत."

त्याने मुकाट्याने कॉन्टॅक्टर बसवायला लावला. पिल्लाने फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम द्यायचा, गिझरचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. भाच्याच्या तीन वर्षांच्या शिक्षणात आणि माझ्या पदवीत मिळून जे आलं नव्हतं, ते त्या माणसाच्या करंगळीत होतं. त्याचे पैसे मी एक रुपयाही कमी न करता दिले. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

गिझर जमल्यावर आम्ही माजलो. होळी झाली आणि आम्ही एसीकडे वळलो.

इथे मला त्या यंत्राची भाषा शिकावी लागली. तिचं नाव यॅमल. आप्पा म्हणाले, "यमल म्हणजे जुळं." खरंच तसं निघालं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या बरोबर खाली, मोजून दोन रिकाम्या जागा सोडून लिहावी लागते. एक जागा कमी पडली की प्रणाली सगळी फाइल नाकारते. मला ते लगेच आवडलं. आमच्या जुन्या हेडक्लार्कने खातेवहीत हेच आयुष्यभर केलं.

पहिला नियम मी स्वतः लिहिला : तीस अंशांच्या वर एसी चालू, तीस अंशांच्या खाली बंद. वाचायला सरळ. पण खोली ३०.१ झाली की एसी चालू होई, २९.९ झाली की बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. एसी घराबाहेरच्या कुत्र्यासारखा दर चार मिनिटांनी भुंकू लागला. भाच्याने फोनवरून मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, चालू करायचा अंश आणि बंद करायचा अंश यांत अंतर ठेवायचं. दोन, कॉम्प्रेसर बंद झाला की तीन मिनिटं तरी त्याला पुन्हा उठवायचं नाही. (ही दुसरी गोष्ट दुपारी झोपणाऱ्या सासऱ्यांच्या बाबतीत मला लग्न झाल्यापासून ठाऊक होती.) मग नवा नियम ठरला : खोलीत बत्तीस झाले की एसी अठ्ठावीसवर चालू, साडेचारला बंद. २०२० पासून आपल्याकडे नवा एसी मुळात चोवीस अंशांवर सुरू व्हावा असा नियम आहे, आणि तिथून एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. अठ्ठावीस हा आकडा मी तेवढ्यासाठी धरला. आप्पांची तब्येत आणि आप्पांचं सूत्र, दोघांचा मान राखणारा.

आता गंमत अशी, की एसीच्या रिमोटला तोंड असतं, कान नसतात. टीव्हीचा रिमोट एकेक शब्द बोलतो, 'वाढव', 'कमी कर'. एसीचा रिमोट मात्र दर वेळी अख्खा अर्ज भरून पाठवतो : चालू की बंद, किती अंश, पंखा किती, पाती कशी. अर्ज गेला की संपलं. एसीकडून पोच नाही. आमच्या यंत्राचंही तेच. हुकूम सोडला की ते आपल्या वहीत 'एसी चालू' असं लिहून मोकळं होई. बँकेत आम्ही याला हेड ऑफिसचं सर्क्युलर म्हणतो. पाठवणाऱ्याच्या दप्तरी अंमलबजावणी पाठवतानाच होऊन जाते.

आप्पांनी ही उणीव पहिल्याच दुपारी हेरली. यंत्राने एसी लावला की ते उठून मूळ रिमोटने बंद करीत. यंत्राच्या वहीत एसी चालू, खोलीत आप्पा घामाघूम. मग भाच्याने पोटनियम घातला : पंधरा मिनिटांत खोली निवली नाही तर हुकूम पुन्हा सोडायचा. त्या दिवशी दुपारी युद्ध झालं. यंत्र लावी, आप्पा बंद करीत, यंत्र लावी, आप्पा बंद करीत. संध्याकाळी आप्पा म्हणाले, "ते तुझं यंत्र हट्टी आहे." यंत्राला बोलता आलं असतं तर त्यानेही काही कळवलं असतं.

आणि मग एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकाएकी शांतता झाली.

दुपारी बँकेत फोन उघडावा तो आप्पांच्या खोलीत सत्तावीस अंश. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी साडेसव्वीस. आप्पा वठणीवर आले होते. मी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला आलेख दाखवला. मॅनेजरसाहेबांनाही दाखवला. ते म्हणाले, आमच्या केबिनला असं काही बसवा. आकडा समोर दिसत असल्यामुळे एकचा फोन करायची गरज उरली नाही. आधी एक दिवस राहिला, मग दोन, मग ती सवयच सुटली. खोलीला विचारल्यावर माणसाला कशाला विचारायचं?

महिनाअखेर आली. महिनाअखेरीला आम्ही बँकवाले ताळा जमवल्याशिवाय घरी जात नाही, आणि ही खोड घरी गेल्यावरही जात नाही. भाच्याने एसीच्या सॉकेटला विजेचं मोजमाप करणारं उपकरण लावलं होतं. सहज म्हणून मी बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत महिन्याची युनिटं पाहिली. शेवटच्या बारा दिवसांपुढे होतं : शून्य.

मी डबा बाजूला सारला.

खोली सहा-सात अंशांनी रोज निवत होती आणि वीज शून्य. म्हणजे जमा आहे आणि खर्च नाही. हिशेबाच्या वहीत असं कधी होत नसतं. जिथे होतं, तिथे आम्ही पोलीस बोलावतो. मग मी शेजारचा रकाना पाहिला, जो मी आजवर पाहिलाच नव्हता. दमटपणा. सकाळी अकराला एकवीस टक्के. साडेअकराला अठ्ठ्याऐंशी. रोज. साडेचारला परत खाली. नागपुरात, एप्रिलअखेर, भर दुपारी अठ्ठ्याऐंशी टक्के दमटपणा! एवढा कोकणात आषाढात असतो. आमच्याकडे त्या वेळी धुतलेला पंचा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो.

इतका सुंदर आकडा बारा दिवस माझ्यासमोर होता आणि मी तो लोकांना दाखवत हिंडलो होतो. चांगला आकडा तपासायचा असतो, वाईट आकडा स्वतःच ओरडतो; हे मी नव्या भरतीच्या मुलांना शिकवतो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी आलो. दार लोटलेलंच होतं. आप्पा त्यांच्या खोलीत खाली फरशीवर बसले होते, उघडे, डोक्यावर ओला पंचा, हातात वर्तमानपत्राची घडी. एसी बंद. कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ. माठाभोवती ओलं फडकं, आणि माठाच्या गळ्याशी, फडक्याच्या घडीत, बाळाला दुपट्यात ठेवावं तशी ठेवलेली ती जाळीदार पांढरी डबी. सत्तावीस अंश त्या डबीला होते. माझ्या वडिलांना नव्हते.

शास्त्र तसं सोपं आहे. कोरडी हवा ओल्या फडक्यातलं पाणी पिते, आणि पाण्याची वाफ होताना ती जवळची उष्णता घेऊन जाते. त्यावर माठ चालतो, त्यावर आमचे सगळे कूलर चालतात. आप्पांनी एका एसीला, एका लॅपटॉपला, जगभरच्या हजारो मंडळींच्या कारागिरीला आणि एका बी.कॉम.ला एका माठाने हरवलं होतं.

मी सेन्सर बाहेर काढून पलंगाच्या उशाशी ठेवला. आकडा चढत गेला. एकतीस. चौतीस. सदतीसला थांबला.

"आप्पा, हे काय?"

"यंत्र तापू नये म्हणून गार जागी ठेवलं," आप्पा म्हणाले. पण ते हसले नाहीत. मीही नाही.

मी एसी लावला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पाच म्हणाले, "चाळीस वर्षं मी वर्गात शिरलो की खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या, ते मी ठरवत होतो. साठ-साठ पोरांसाठी ठरवलं. आता माझ्या एका खोलीचं ठरवायला मला हे डबडं. मला न विचारता लागतं, न विचारता बंद होतं. मी खोलीत आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि तू." ते थांबले. "तू आधी एक वाजता फोन करायचास. मी 'लावलाय' म्हणायचो, तू चिडायचास. बरं वाटायचं. आता तू तिकडे माझं तापमान बघतोस. बघितलंस की झालं."

मला उत्तर सुचलं नाही. बारा दिवस मी माठाची खुशाली विचारत होतो.

तह त्याच संध्याकाळी झाला. मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती मला या नादात कुठेशी वाचायला मिळाली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावच्या शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात वर्ग किती तापलाय ते बघायला शिपाई मध्येच आत यायचा आणि शिकवण्याचा विचका व्हायचा. म्हणून या गुरुजींनी वर्गात एक उपकरण बसवलं. वर्ग निवला किंवा तापला की खाली भट्टीपाशी घंटा वाजायची, आणि भट्टीवरचा माणूस काय ते करायचा. १८८३ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आजचे घरोघरचे थर्मोस्टॅट त्याच्या वंशातले.

आप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे यंत्र फक्त घंटा वाजवायचं?"

"पहिल्यांदा, हो."

"मग तो मास्तर शहाणा होता," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी कागद मागवला.

दुसरा मुद्दा पैशांचा निघाला. त्यांना वाटत होतं की एसी दिवसाला दोनशे रुपये खातो. मी तीन दिवस एसी चालवून मोजून दाखवलं : अठ्ठावीस अंशांवर पाच तास, सव्वातीन युनिटं. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेबत्तीस रुपये. आप्पा चिडले. "मग हे आधी का नाही सांगितलंस? अंश काय दाखवत बसलास मला? रुपये दाखव!" आता त्यांच्या पलंगाजवळच्या छोट्या पडद्यावर अंशांच्या खाली रुपये दिसतात. ते दोन्ही रोज डायरीत उतरवून ठेवतात. यंत्राच्या वहीवर त्यांचा विश्वास नाही, आणि तो का नसावा हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

आप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरातली नियमावली सध्या स्विचबोर्डाशेजारी चिकटवलेली आहे. भाच्याने तीच यमलमध्ये उतरवली. कंपनीच्या वस्तूत हे करता आलं नसतं. तिथे नियम कंपनीचे असतात, आपण फक्त 'मान्य आहे' वर बोट ठेवतो. इथे एका निवृत्त शिक्षकाने नियम लिहिले आणि यंत्राने मुकाट्याने ते मान्य केले. ते नियम असे :

१. खोलीत बत्तीस अंश झाले की यंत्राने घंटा वाजवावी. स्वतः काही करू नये.

२. घंटेनंतर काय करावयाचे ते खोलीतील माणूस ठरवील. (त्यासाठी भिंतीवर जुन्या रेडिओसारखा गोल कान बसवला आहे. तो पिळला की एसी लागतो.)

३. पस्तीस अंश झाले आणि अर्ध्या तासात कोणी कान पिळला नाही, तर यंत्राने एसी लावावा. पस्तीसनंतर माणसाच्या बुद्धीचा भरवसा धरू नये.

४. भांडी घासणाऱ्या मावशी तीन वाजता उन्हातून येतात. त्यापूर्वी पंधरा मिनिटे स्वयंपाकघराकडील कूलर लावावा. यात काटकसर करू नये.

५. दुपारी एक वाजता मुलाने फोन करावा. न केल्यास एसी आपोआप बंद व्हावा.

पाचवा नियम भाच्याने नाकारला. तो म्हणाला, बटण बसवून हे करता येईल, पण आपण करणार नाही; सुरक्षिततेच्या विरुद्ध आहे. बऱ्याच चर्चेनंतर नियमात दुरुस्ती झाली. आता रोज एकला पाच कमी असताना माझा फोन वाजतो आणि पडद्यावर मजकूर येतो, 'कलम पाच'. काउंटरसमोर उभ्या असलेल्या खातेदारांना वाटतं, काहीतरी सरकारी आहे. ते आपणहून बाजूला होतात.

काल बाहेर चव्वेचाळीस होते. एक वाजता मी फोन लावला.

"आप्पा, जेवलात का?"

"जेवलो."

"एसी लावलाय ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मागे बारीकसा वाऱ्याचा आवाज.

"चालू आहे," आप्पा म्हणाले. "क्रियापद नीट ऐक."